माथेरानचे छोटे इंजिन

सुटी मिळाली म्हणजे घाटकोपर-मुलुंडची माणसे कर्जत गाडी धरतात आणि नेरळला उतरतात. अंधेरी-बोरिवलीची मंडळी दादरला गाडी बदलून येतात. नेरळ स्टेशनाबाहेर एक छोटे वाफेचे इंजिन उभे आहे. मुले म्हणतात, "बाबा, हे खेळण्यातले आहे का?" नाही हो! अशा इंजिनांनी पाऊणशे वर्षे डोंगर चढला. त्यांची हकिकत आपण पाहू.

माथेरान सुमारे ८०० मीटर उंच आहे. पूर्वी लोक पायी, घोड्यावर किंवा डोलीत बसून वर जात. मुंबईचे सर आदमजी पीरभाई यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी तिथे रेल्वे नेण्याचे मनावर घेतले. १९०४ साली काम सुरू झाले. १९०७ साली गाडी वर पोचली. सोळा लाख रुपये खर्च आला.

रस्ता सुमारे २१ किलोमीटरांचा. रुळांमधले अंतर फक्त दोन फूट. चढ असा, की वीस हात पुढे गेले म्हणजे एक हात वर. वळणे तर पावलोपावली. मोठे इंजिन इथे वळलेच नसते.

मग काय केले? जर्मनीतल्या ओरेन्स्टाईन आणि कोपेल या कारखान्यातून चार छोटी इंजिने आणली. प्रत्येकाला सहा चाके, म्हणजे तीन आस. पुढचा आणि मागचा आस पोकळ होता. त्याच्या पोटात दुसरा भरीव दांडा होता. दोहोंत थोडी मोकळीक ठेवलेली. वळण आले की पोकळ आस चाकांसकट जरा वळे. म्हणून इंजिन रूळ सोडत नसे.

पण एकटे इंजिन काय करील? फायरमन भट्टीत कोळसा टाकी. वाटेत इंजिनाला पाणी लागे. जिथे पाणी भरत, त्या स्टेशनाचे नावच पडले 'वॉटर पाईप'. उतरताना डब्यांवर ब्रेकवाले असत. ड्रायव्हरची शिटी ऐकली की ते हाताने ब्रेक आवळीत. एकाचा हात चुकला, तर सर्वांचा जीव धोक्यात! अशी ही जबाबदारीची नोकरी.

पुढे डिझेल इंजिने आली. १९८२ च्या सुमारास वाफेची इंजिने थांबली. चारांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. एक इंग्लंडात गेले. गाडीही संकटांतून गेली. २००५ च्या पुरात रूळ वाहून गेले. ते पुन्हा बांधले आणि २००७ मध्ये गाडी सुरू झाली.

उभ्या इंजिनाचा शत्रू कोण? गंज. कोकणचा पाऊस लोखंड खातो. वेळेवर साफसफाई आणि रंग हवा. दुसरे शत्रू आपणच. कोणी वर चढतो, कोणी खिळ्याने नाव कोरतो. कोरल्या जागी रंग जातो आणि तिथेच गंज धरतो.

आम्हाला वाटते, इंजिन जपणे म्हणजे घाम गाळणाऱ्यांची आठवण जपणे. पुढल्या वेळी नेरळला गेलात, तर क्षणभर थांबा. त्यावर जे लिहिले आहे ते स्वतः वाचा. मग ही गोष्ट मुलांना सांगा.

शब्दांचे अर्थ
आस – दोन चाकांना जोडणारा दांडा
डोली – माणसांनी खांद्यावर वाहून नेण्याची बैठक
संग्रहालय – जुन्या वस्तू जपून ठेवण्याची जागा

प्रश्न
१. माथेरानला मोठे इंजिन का चालले नसते?
२. ब्रेकवाल्याचे काम काय होते?
३. तुमच्या वस्तीत जपण्यासारखी जुनी वस्तू कोणती? तिच्याविषयी चार ओळी लिहा.