चिमूटभर बोरॉनची कृती

निकेलचे तीन अणू आणि अॅल्युमिनियमचा एक, या प्रमाणातलं निकेल-अॅल्युमिनाइड मोठं नखरेल. तापवलं तर ७०० अंश सेल्सिअसपर्यंत मऊ पडायचं सोडून उलट बळकट होतं, आणि खोलीच्या तापमानाला ताणलं की मोडतं. चिक्की मोडताना गूळ सुटतो, दाणा शाबूत राहतो. इथेही कण शाबूत, कणसीमा उकललेल्या. याच पदार्थाचा एकसंध स्फटिक मात्र छान ताणला जातो. उतारा सापडला जपानच्या तोहोकू विद्यापीठात: १९७९ मध्ये आओकी आणि इझुमी यांनी बोरॉन घालून हा ठिसूळपणा घालवला.

शंभर ग्रॅमसाठी निकेल ८७.३ ग्रॅम, अॅल्युमिनियम १२.७ ग्रॅम, बोरॉन ०.०५ ग्रॅम. म्हणजे शंभर अणूंत अॅल्युमिनियमचे २४. हिशेबाने २५ हवेत, पण पंचविसावर गेलात की बोरॉनचा गुण येत नाही. इथे सढळ हात नको.

०.०५ ग्रॅम बोरॉन थेट तोलू नका, पंख्याच्या वाऱ्यानेच उडेल. आधी निकेलमध्ये एक टक्का बोरॉन वितळवून घ्या, त्यातले ५ ग्रॅम वापरा आणि त्यातलं निकेल एकूण वजनातून वजा करा.

आर्क भट्टीतली हवा काढून आरगॉन भरा. उरलासुरला ऑक्सिजन शोषायला आधी टायटॅनियमचा तुकडा वितळवा. अॅल्युमिनियम खाली, निकेल वर. करंट हळूहळू वाढवा. दोन्ही धातू भिडले की स्वतःच उष्णता सोडतात आणि शिंतोडे उडतात. गोळा उलटून चार-पाच वेळा वितळवा, मग पुन्हा तोला. वजन लक्षात येण्याइतकं घटलं असेल तर बहुधा अॅल्युमिनियम उडालंय. तो गोळा बाजूला ठेवा.

आरगॉनमध्येच १०५० अंशांवर दिवसभर मुरू द्या. मग थंडच लाटा, थोडं थोडं. कडा चिरायच्या आत थांबून १००० अंशांवर तासभर तापवा, पुन्हा लाटा. घाई केली की पट्टी कडेपासून फाटते.

बोरॉनशिवायची एक पट्टी सोबत ओढून बघा. हवेतल्या वाफेशी अॅल्युमिनियमची क्रिया होऊन सुटलेला हायड्रोजन कणसीमेत शिरतो, म्हणून ती दोन-तीन टक्क्यांतच जाते. बोरॉनवाली चाळीसच्या आसपास ताणली जाते. तुटलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली धरा: पहिलीत खड्यांसारखे सुटे कण, दुसरीत बारीक खळगे.

भाग ६०० अंशांवर वापरायचा असेल तर ऑक्सिजन त्याच सीमा पुन्हा उकलतो. तिथे सुमारे ८ टक्के क्रोमियमही घाला.