राखेचा थर सांगतो काळाची गोष्ट (इयत्ता पाचवी, परिसर अभ्यास भाग २ साठी पूरक पाठ)

अश्मयुगाचा पाठ शिकवताना मुलं एक प्रश्न हमखास विचारतात, "सर, हे इतकं जुनं आहे हे कळलं कसं?" "शास्त्रज्ञांनी शोधलं" एवढ्या उत्तरावर मुलांचं समाधान होत नाही. म्हणून आपल्याच महाराष्ट्रातलं एक उदाहरण घेऊया.

राख म्हणजे खूणगाठ

ज्वालामुखीचा मोठा स्फोट झाला की राख हजारो किलोमीटर पसरते आणि थोड्याच दिवसांत खाली बसते. नदीत, तळ्यात, समुद्रात पडलेली ती राख एकाच काळाची. प्रत्येक स्फोटाच्या राखेतल्या काचकणांची रासायनिक घडण वेगळी, जणू अंगठ्याचा ठसाच. ठसा जुळला की दूरदूरचे थर एका वयाचे ठरतात. आइसलँडची राख उत्तर ध्रुवाकडच्या तळ्यांच्या गाळात सापडते, तिच्यावरून तिथल्या गाळाचं वय ठरवतात.

बोरीची राख

पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात, कुकडी नदीकाठी बोरी गाव आहे. तिथे नदीच्या गाळात पांढरट राखेचा थर आहे आणि त्याच परिसरात आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या. मुलं म्हणतील, "आपला काळा दगडही लाव्हाचाच की!" बरोबर, पण तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. बोरीची राख तीन हजार किलोमीटरहून लांब, इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून आली.

पण कधी? इथेच गंमत आहे. पोटॅशियम-आरगॉन पद्धतीने एकदा वय सुमारे १४ लाख वर्षं आलं, नंतरच्या मोजणीत ६ लाख ७० हजार. काचकणांचा ठसा जुळवणारे म्हणाले, ही टोबाच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची राख. आणखी जुन्या टोबा स्फोटाची आहे, असं म्हणणारेही होते. राखेत जुने खनिजकण मिसळले तर वय फुगतं. दुसरी अडचण नदीची. ती राख उचलून दुसरीकडे, बऱ्याच काळाने पुन्हा साचवू शकते.

म्हणजे राखेचं वय आणि तिच्याजवळ सापडलेल्या हत्याराचं वय एकच असेल असं नाही. या एका मुद्द्यावर महाराष्ट्रातला माणूस किती जुना, याचं उत्तर अवलंबून आहे.

वर्गातली कृती

साहित्य: दोन काचेचे ग्लास, काळी माती, मुरूम, चुलीची चाळलेली राख, तीन बटणं.

१. पहिल्या ग्लासात काळी माती घालून तीवर बटण ठेवा. वर थोडी माती, मग राखेचा पातळ थर, मग मुरूम व दुसरं बटण.
२. विचारा: राखेआधीचं बटण कोणतं? नंतरचं कोणतं?
३. आता पहिल्या ग्लासातली थोडी राख चमच्याने काढा. दुसऱ्या ग्लासात माती, तीवर तिसरं बटण आणि वर ती राख टाका.
४. विचारा: हे बटण राखेखाली आहे, मग ते राख पहिल्यांदा पडली त्याआधीचं म्हणायचं का?

चौथ्या प्रश्नावर मुलांना भांडू द्या, उत्तर लगेच सांगू नका. "राख हलवली ना सर!" हे त्यांच्याच तोंडून यायला हवं.

पालकांसाठी: विहिरीचं खोदकाम चालू असेल तर मुलांना सुरक्षित अंतरावरून मातीचे थर दाखवा. खालचा थर आधीचा, पण कुणी उकरलं नसेल तरच, हे त्यांना सांगायला लावा.