बुरूज काय सांगतो?



यंदा आमच्या सातवीच्या वर्गाची सहल रामटेकजवळच्या नगरधनला गेली होती. नगरधन म्हणजे जुने नंदिवर्धन. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी इथे वाकाटक राजांची राजधानी होती. आज दिसणारा किल्ला मात्र पुष्कळ नंतरचा, नागपूरकर भोसल्यांच्या काळातला मानतात.

गुरुजींनी विचारले, "बुरूज तटाच्या बाहेर पुढे का आलेला असतो?" कुणालाच सांगता येईना. मग त्यांनी मला तटावर उभे केले आणि एका मुलाला खाली भिंतीला चिकटून उभे राहायला सांगितले. मला तो काही दिसेना. बुरुजावर गेलो तर तटाचा पाया लांबवर दिसू लागला आणि लपलेला पोट्टा लगेच सापडला!

दुसरा उपयोग उंचीचा. पृथ्वी गोल आहे, म्हणून सपाट मैदानात उभे राहिले तर आपल्याला सुमारे ४ किलोमीटरपर्यंतचीच जमीन दिसते. १० मीटर उंचावरून सुमारे ११ किलोमीटर दिसते. शत्रू जितका लवकर दिसेल, तितका तयारीला वेळ जास्त.

असे बुरूज जगात इतर ठिकाणीही होते. आजच्या जर्मनी देशात रोमन लोकांनी आपल्या सरहद्दीवर सुमारे ५५० किलोमीटर लांबीत जवळजवळ ९०० टेहळणी बुरूज बांधले होते. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात ते ओस पडले. पुढे लोकांनी त्यांचे दगड घरांसाठी नेले. आता कित्येक ठिकाणी नुसता उंचवटा उरला आहे.

आता माझी चूक सांगतो. उतरताना मला एक लाल खापर सापडले. मी ते हळूच खिशात घातले. गुरुजींनी पाहिले. ते रागावले नाहीत. "हे कुठे होतं? कोणत्या थरात? सोबत काय होतं?" एवढेच त्यांनी विचारले. मी गप्प. ते म्हणाले, "जमिनीत खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. वस्तू जागची हलली की ती मुकी होते."

मग त्यांनी सांगितले की, २०१५ ते २०१८ या काळात नगरधनला उत्खनन झाले. त्यात राणी प्रभावतीगुप्ता हिची मातीची मुद्रा मिळाली. तिच्यावर ब्राह्मी लिपीत राणीचे नाव आणि शंख आहे. नवरा वारल्यावर, मुले लहान असताना, या राणीने राज्यकारभार सांभाळला होता. ती मुद्रा कुणी माझ्यासारखी खिशात घातली असती तर?

मी खापर होते तिथेच ठेवून आलो.

घरी आल्यावर आबाजींना सगळे सांगितले. ते थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आपल्या गोठ्याच्या पायातले दोन चिरे गावच्या गढीच्या बुरुजाचेच हायेत, बाबू. तवा सारेच नेत होते. कोनी सांगतलं नाही."

पालकहो, आपल्या गढीचा एकच बुरूज आता उभा आहे. लोक अजून तिथली पांढरी माती आणि दगड नेतात. आबाजी म्हणतात, आता आपल्या घरून कोणी जाणार नाही. तुम्हीही नेऊ नका, ही माझी हात जोडून विनंती.

नवे शब्द : टेहळणी – दुरून नजर ठेवणे. उत्खनन – जुन्या वस्तू शोधण्यासाठी काळजीपूर्वक केलेले खोदकाम. चिरा – घडवलेला दगड.

सांगा पाहू :
१) बुरूज तटाच्या बाहेर पुढे का आलेला असतो?
२) सापडलेली जुनी वस्तू जागची का हलवू नये?
३) तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा – आपल्या गढीला पूर्वी किती बुरूज होते?