टीव्हीमागच्या वायरी भिंतीत बुजवण्याआधी

ज्यांच्या घरी सध्या काम चालू आहे आणि टीव्ही भिंतीवर लावायचा आहे, त्यांनी हे जरूर वाचावं. आमचं व्हायचं ते नुकसान झालं. पैसे गेले, नवी रंगवलेली भिंत फोडावी लागली, आणि ज्या कॉन्ट्रॅक्टरने हे केलं तो आजही डोंबिवलीत दुसऱ्यांच्या हॉलमध्ये बिनदिक्कत तेच करतो आहे. त्याचं नाव मी घेणार नाही. काम कसं केलं ते मात्र सांगणार.

माझी मागणी साधी होती. ५५ इंची टीव्ही, खाली लोंबणारी वायर नको. टीव्हीच्या मागेच स्वतंत्र प्लग पॉइंट काढा आणि एचडीएमआय पाइपातून न्या, म्हणजे उद्या बदलता येईल, हे मी काम सुरू होण्याआधी सांगितलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनही दिलं होतं. तो मेसेज अजून माझ्याकडे आहे आणि त्याखाली त्याने उमटवलेला अंगठाही आहे. पण या गृहस्थाची रीत अशी, की प्रश्न मी विचारायचा आणि उत्तर त्याने ह्यांच्याकडे बघून द्यायचं. "साहेब, वहिनींना सांगा, टेन्शन घेऊ नका. एक वायर दिसणार नाही."

वायर दिसली नाही, हे खरं. झिरी मारली, पुट्टी भरली आणि रंगाचा हात फिरवला, तेही मी ऑफिसात असताना. संध्याकाळी बघते तर भिंत गुळगुळीत.

पुढे साऊंडबार घेतला. तो टीव्हीखाली बसवायला सोसायटीचे जुने वायरमन काका आले. त्यांनी आधी बोर्ड पाहिला. तो खाली उजव्या कोपऱ्यात. टीव्हीखाली मधोमध ड्रिल मारायला हरकत नाही असं ते म्हणाले, आणि बरोबरच म्हणाले, कारण बोर्डापासून वायर सरळ वर जाते किंवा सरळ आडवी जाते. त्या हिशेबाने तिथे काही असायलाच नको होतं. ड्रिल दोन बोटं आत गेलं, फट् असा आवाज झाला, भिंतीतून ठिणगी उडाली आणि हॉलचा एमसीबी पडला. काकांच्या हाताला काही झालं नाही. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वायर तिरकी नेली आहे. हे फोडूनच बघायला हवं."

फोडलं. पुट्टीचा थर निघाला, सिमेंट निघालं, आणि आत जे दिसलं ते मी विसरू शकत नाही. पाइप नावाला नव्हता. टीव्हीची स्वतःची कॉर्ड, जी बाहेर मोकळी राहण्यासाठी बनवलेली असते, तिचा प्लग कापून टाकलेला. ती बोर्डापर्यंत पुरली नाही म्हणून मध्येच दुसरा तुकडा जोडलेला. जोड म्हणजे काय, तर तारा बोटांनी पिळलेल्या आणि वर काळी टेप. टेप सुटायला लागली होती आणि जोडाजवळचं प्लास्टिक तपकिरी पडलं होतं. शेजारी एचडीएमआय, तीही नागडी, सिमेंटमध्ये घट्ट रुतलेली. अधूनमधून चित्र जायचं त्याचं कारण तेव्हा कळलं. आम्ही तोवर सेट-टॉप बॉक्सला दोष देत होतो आणि तो बदलूनही घेतला होता. दोन बेंड आणि थोडी वायर वाचवण्यासाठी झिरी वरून खाली तिरकी मारली होती. माझी मुलं रोज त्या भिंतीला टेकून बसायची.

त्याला फोन केले. उचलला नाही. ह्यांच्या फोनवरून केला, तेव्हा लगेच उचलला. आला, भिंत पाहिली, आणि काय म्हणाला? "साऊंडबार लावायचा हे आधी सांगायला पाहिजे होतं." मी मेसेज दाखवला, तर म्हणाला घाई तुम्हालाच होती. मग म्हणाला, "आपण सगळीकडे असंच करतो, कुणाची तक्रार नाही. टीव्हीला लोड असा कितीसा असतो?" जाता जाता भिंत पुन्हा नीट करून देण्याचा खर्चही सांगून गेला. दिलगिरीचा एक शब्द नाही.

लोडचं उत्तर इथे देते, कारण ही सबब पुष्कळ जण देतात. ५५ इंची टीव्ही साधारण १०० ते १५० वॉट घेतो, म्हणजे २३० व्होल्टवर एक अँपिअरसुद्धा नाही. पण सैल जोड कमी करंटवरही तापतो. एमसीबी पडतो तो करंट प्रमाणाबाहेर गेला तर. जोड तापत असताना करंट तेवढाच असतो, त्यामुळे एमसीबीला काही कळत नाही. भिंतीतल्या कायमच्या वायरिंगला पीव्हीसी पाइप आणि त्यात तांब्याची किमान १.५ चौरस मिलिमीटरची वायर लागते. टीव्हीची पातळ कॉर्ड त्या कामाची नाही आणि प्लास्टरमध्ये गाडण्यासाठी तर नाहीच. शिवाय कॉर्ड कापलेली पाहून सर्व्हिसला आलेल्या माणसाने टीव्हीला हात लावायला नकार दिला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते.

टीव्ही येण्याआधी वर्तमानपत्राची पानं चिकटवून त्याच्या मापाचा कागद भिंतीवर लावा. ५५ इंची टीव्ही सुमारे ४८ इंच रुंद आणि २७ इंच उंच असतो. सोफ्यावर बसून डोळ्यांची उंची बघा. पडद्याचा मध्य तिथे, म्हणजे जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास ठेवा. मग ब्रॅकेट कुठे येईल ते आखा आणि प्लग पॉइंट त्याच्या बाजूला, पण टीव्हीने झाकला जाईल असा काढा. भिंतीला चिकटून बसणाऱ्या ब्रॅकेटमध्ये मागे इंचभरच जागा उरते. साधा तीन पिनांचा प्लग समोर आला तर टीव्ही बसत नाही, म्हणून चपटा प्लग घ्या. त्या पॉइंटचा स्विच खाली हाताशी ठेवा.

एचडीएमआयचं टोक बाहेरच्या प्लास्टिकसकट दोन सेंटिमीटर रुंद असतं. २० किंवा २५ मिलिमीटरच्या नेहमीच्या पाइपातून ते जात नाही किंवा अडकतं. ३२ किंवा ४० मिलिमीटरचा पाइप मागा, काटकोनी एल्बो नको, लांब बेंड घ्या, आणि आत एक नायलॉनची दोरी कायमची सोडून ठेवा. पुढे केबल बदलायची वेळ आली की ती दोरीला बांधून ओढता येते. पॉवरचा पाइप वेगळा, एचडीएमआय आणि डिशच्या केबलचा वेगळा. साधी एचडीएमआय फोर-के साठी पाच मीटरपर्यंत ठीक. त्याहून लांब लागली तर ऑप्टिकल घेतलेली बरी, आणि तिला दिशा असते: एक टोक बॉक्सचं, एक टीव्हीचं. उलटी टाकली तर चित्र येत नाही.

एवढा जाड पाइप चार इंची भिंतीत बसवायचा म्हणून भिंत अर्धी कोरू देऊ नका. तिथे प्लायचं पॅनल करून घ्या आणि त्याच्या मागे पट्ट्या ठोकून दीड-दोन इंचांची पोकळी ठेवा. वायरी त्यातून खाली येतात, भिंतही शाबूत राहते. मात्र टीव्हीचं वजन भिंतीने पेलायला हवं, त्यामुळे ब्रॅकेटचे बोल्ट पॅनलमधून भिंतीत जायला हवेत. हलक्या राखाडी ब्लॉकची भिंत असेल तर त्या ब्लॉकसाठी मिळणारे अँकर वापरा, साधे फिशर त्यात धरत नाहीत. बिल्डिंग मायवान पद्धतीची असेल तर भिंती काँक्रीटच्या असतात. त्यांत झिरी मारायचीच नाही. कॉलम आणि बीमलाही नाही. तिथे आणि भाड्याच्या घरात केसिंग-कॅपिंगची पट्टी सरळ उभी लावून भिंतीच्या रंगात रंगवा. चार हातांवरून ती लक्षातही येत नाही.

झिरी उघडी असताना भिंतीला टेप लावून फोटो काढा, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून किती अंतर ते दिसेल असे. पुट्टी भरण्याआधी टीव्ही चालू करून सगळं तपासा. ही दोन कामं होईपर्यंत गवंड्याला हात लावू देऊ नका, मग कॉन्ट्रॅक्टर कितीही घाई करो. आम्हाला ती संधीच मिळू दिली नाही, म्हणून कळकळीने सांगते.

घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे का ते बघा. ड्रिल एकाच वेळी फेज आणि न्यूट्रलला लागलं म्हणून आमचा एमसीबी पडला. नुसत्या फेजला लागलं असतं आणि करंट माणसातून जमिनीत गेला असता, तर एमसीबी पडला नसता. तिथे जीव वाचवते ती आरसीसीबी.

बाकी नेहमीचं: ओळखीवर जाऊ नका, काम लेखी ठरवा, परवानाधारक वायरमन आहे का विचारा, शेवटचा हप्ता हातात ठेवा. आणि कॉन्ट्रॅक्टर तुमच्या प्रश्नाचं उत्तर घरातल्या पुरुषाकडे बघून देत असेल, तर त्याला पहिल्याच दिवशी दार दाखवा.

भिंत न फोडता काढता येत नाही अशी वायर लपवलेली नसते, गाडलेली असते. असं काम कुणी करून देत असेल, तर त्याला एक रुपयाही देऊ नका.