पुलाच्या पायाखालचें पाणी

वाळूवर घर बांधणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आमच्या शाळेंतील प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. रेल्वेचा पूल बांधणाऱ्यांसही तोच धोका सदैव डोळ्यांपुढें ठेवावा लागतो. गाडीच्या ओझ्यानें पूल मोडतो अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु नदीवरील पुलाचा मोठा शत्रु वरून जात नाहीं, तो खालून वाहतो. त्याची रीत आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

समुद्रकिनाऱ्यावर लाटेंत उभें राहिलें असतां परतणारें पाणी टाचांखालची वाळू ओढून नेतें व आपला तोल जातो. पुलाच्या खांबाचेंही असेंच होतें. खांबांमुळें प्रवाहाची वाट अरुंद होते व वेग वाढतो. खांबावर आपटलेलें पाणी खालीं वळतें, तळाशीं भोंवरे उत्पन्न होतात आणि ते माती व रेती उकरून नेतात. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर तो पूर्वीच्या ६४ पट वजनाचा दगड लोटूं शकतो, असा ढोबळ नियम आहे. पुन्हां, पूर ओसरतांच त्या खळग्यांत गाळ भरतो व तळ पूर्ववत् दिसतो. परंतु हा गाळ भुसभुशीत असल्यामुळें खांबास आधार देत नाहीं.

आयर्लंडमध्यें डब्लिन शहराच्या उत्तरेस मॅलाहाइड येथें खाडीवर रेल्वेचा पूल आहे. तेथील पहिला लांकडी पूल १८४४ सालचा; पुढें त्याच्या जागीं दगडी खांब आले. हे खांब दगडांच्या एका बांधावर उभे होते. भरती-ओहोटीच्या प्रवाहानें त्या बांधाचे दगड हळूहळू वाहून जात. म्हणून रेल्वेचे जुने लोक तेथें वेळोवेळीं नवे दगड टाकीत. पुढें ते जाणते लोक कामावरून गेले आणि त्यांजबरोबर ही माहितीही गेली.

२००९ च्या ऑगस्ट महिन्यांत त्या खाडींत नावा चालविणाऱ्या सागरी बालवीर पथकांतील एका गृहस्थास प्रवाहांत फरक दिसला व त्यानें रेल्वेस कळविलें. पाहणी झाली; परंतु खरा दोष ध्यानांत आला नाहीं. ता. २१ रोजीं सायंकाळीं पुलावरून गाडी नेतांना एका चालकास पाणी बांध खात असल्याचें दिसलें. त्यानें गाडी पलीकडे सुखरूप नेऊन तात्काळ वर्दी दिली व मार्ग बंद झाला. लवकरच चौथा खांब कोसळला आणि त्याच्या आधारावरील पूल पाण्यांत गेला. कोणाचाही प्राण गेला नाहीं. ता. १६ नोव्हेंबर रोजीं मार्ग पुन्हां सुरू झाला.

असें भाग्य सर्वांस लाभत नाहीं. वेल्समध्यें ग्लॅनरिड येथें ता. १९ ऑक्टोबर १९८७ रोजीं टोवी नदीच्या पुरानें रेल्वेचा पूल खचला. पहाटेच्या अंधारांत एक गाडी त्यावर आली आणि चार मनुष्यें बुडून मेलीं.

यावर उपाय आहेत. शक्य तेथें पाया खडकापर्यंत नेतात; आपल्या देशांत वाळूच्या नद्यांत खोल विहिरी उतरवून त्यांवर खांब उभारतात. खांबांभोंवतीं मोठे दगड रचतात, धोक्याच्या पाण्याची खूण खांबावर रंगवितात आणि पावसाळ्यांत लोहमार्गावर गस्त ठेवितात. परंतु हे सर्व उपाय मनुष्याच्या दक्षतेवर अवलंबून आहेत. मॅलाहाइडच्या चौकशींतही हेंच निष्पन्न झालें कीं, बांध पाण्यानें झिजविला खरा, पण त्या झिजेची जुनी माहिती कार्यालयांत राहिली नव्हती.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं कोणी पुढें अभियंते होतील, कोणी गस्तवाले होतील. केलेलें काम लिहून ठेवा, म्हणजे मागून येणाऱ्यास तें कळेल. आणि नदीचें पाणी नेहमींपेक्षां निराळें वाहतांना दिसलें, तर तें मोठ्यांस सांगण्यास लाजूं नका.