लाइन भरलेली असताना मोजा

करमाडसारख्या गावात नेटची तक्रार बहुधा एकाच साच्याची असते. प्लॅन पन्नासचा, स्पीड टेस्टही पन्नास दाखवते, लाइनवाला येऊन तेच दाखवून जातो, आणि संध्याकाळी पोरीचा ऑनलाइन क्लास सुरू झाला की आवाज तुटायला लागतो. यात लाइनवाला खोटं बोलत नाही आणि घरचेही उगाच कुरकुरत नाहीत. स्पीड टेस्ट सांगते, एका सेकंदात किती माल वाहून गेला. बोलणाऱ्याला मात्र आपला शब्द पलीकडे पोचायला किती वेळ लागला याच्याशी मतलब असतो. तो वेळ म्हणजे लेटन्सी. ती कुणी विचारलीच, तर लाइन मोकळी असताना एकदा पिंग करून, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघून, सांगितली जाते. माझं म्हणणं असं की मोकळ्या लाइनीच्या लेटन्सीवरून नेट पारखू नये. लाइन गच्च भरवावी आणि मग मोजावं.

कारण साध्या हिशोबात आहे. काचेच्या फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण दोनशे किलोमीटर जातो. करमाडहून मुंबईपर्यंतची फायबर चारशे किलोमीटर धरली, तरी जाऊन येऊन चार मिलिसेकंद होतात. मधली यंत्रं, वळणं धरून वीस-पंचवीस आले तर कुणाची तक्रार नको. पण घरातून मोठा व्हिडिओ वर चढत असताना हाच आकडा आठशेवर गेला, तर त्याचा अर्थ काय? आठशे मिलिसेकंदांत प्रकाश फायबरमधून पृथ्वीला चार वेळा वळसा घालून येईल. मुंबई काही तेवढी लांब गेली नाही. म्हणजे तो वेळ प्रवासात गेलेला नाही, कुठेतरी रांगेत उभं राहण्यात गेला आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.114 या शिफारशीप्रमाणे बोलण्यातला एका दिशेचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असला तर बहुतेकांना खटकत नाही, आणि 400 च्या पुढे जाळ्याची आखणीच करू नये. त्यापुढे दोघंही एकदम बोलतात, एकदम थांबतात.

रांग लागते राउटरच्या किंवा मोडेमच्या स्मृतीत, म्हणजे बफरमध्ये. समजा, अपलोड 2 एमबीपीएस आहे आणि बफर 256 किलोबाइटचा. तो भरला की शेवटच्या पाकिटाला, म्हणजे डेटाच्या शेवटच्या तुकड्याला, बाहेर पडायला एक सेकंद लागणार, गणितच तसं आहे. जिनिंगच्या दारात कापसाच्या गाड्या उभ्या असतात तेव्हा वजनकाटा आपल्या वेगाने काम करतच असतो, पण पन्नासाव्या गाडीला संध्याकाळ होते, मग त्या गाडीत एकच गाठोडं का असेना. आता हा बफर भरतो कोण? आपले नेहमीचेच प्रोग्राम. 1986 मध्ये अमेरिकेत बर्कली विद्यापीठ आणि शेजारची प्रयोगशाळा यांच्यातला वेग गर्दीमुळे सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर कोसळला. त्यानंतर व्हॅन जेकबसन यांनी 1988 मध्ये मांडलेली पद्धत अशी की पाठवणाऱ्याने वेग वाढवत न्यावा आणि पाकीट गहाळ झालं की हात आखडता घ्यावा. पद्धत उत्तम चालली. पुढे मेमरी स्वस्त झाली आणि उपकरणांत एवढे मोठे बफर बसले की पाकीट गहाळच होईना. आखडतं घ्यायची खूण उशिरा मिळते, तोवर रांग वाढत राहते. जिम गेटिस यांनी 2010 च्या सुमारास या दुखण्याला बफरब्लोट हे नाव दिलं.

मोजायला पैसे लागत नाहीत. लॅपटॉप शक्यतो केबलने राउटरला जोडा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला, बऱ्याच घरी तो 192.168.1.1 असतो, आणि दुसरीत 8.8.8.8 या बाहेरच्या पत्त्याला पिंग लावा. अखंड चालू ठेवायला उणे चिन्ह जोडून टी हे अक्षर द्यावं लागतं. मिनिटभर काही न करता आकडे बघा, मग एखादी मोठी फाइल ड्राइव्हवर चढवायला लावा. राउटरचा आकडा एक-दोनवरच राहिला आणि दुसरा वीसवरून शेकड्यांत गेला, तर रांग राउटरच्या बाहेरच्या तोंडाशी किंवा त्याच्या पुढे आहे. केबल काढून वायफायवर हाच प्रयोग केल्यावर राउटरचाही आकडा उसळला, तर दोष घरातल्या भिंतींचा आणि चॅनलचा. त्यासाठी लाइनवाल्याशी भांडू नका. मग डाउनलोड लावून पुन्हा बघा. सरासरीवर विसंबू नका. दर वीस पिंगांतला सर्वात वाईट आकडा लिहून ठेवा, कारण आवाज तुटतो तो त्या एका पिंगाला. एवढी खटपट नको असेल तर फास्ट डॉट कॉमवर अधिक माहिती उघडली की भार नसतानाची आणि भाराखालची लेटन्सी वेगवेगळी दिसते.

यावर जाणकारांचा आक्षेप असतो की राउटर पिंगला दुय्यम वागणूक देतात. राउटरला स्वतःला पिंग केलं तर ते काही अंशी खरं आहे. पण 8.8.8.8 कडे जाणारं पाकीट बाकीच्या पाकिटांसारखंच रांगेतून जातं, आणि मोकळ्या लाइनीवर वीस देणारा पत्ता अपलोड सुरू होताच आठशे देतो, याचा खुलासा दुय्यम वागणुकीने होत नाही. दुसरा आक्षेप, घरात लाइन भरेल एवढं कोण काय करतं? शेंद्र्याच्या एमआयडीसीतून शिफ्ट संपवून माणूस घरी येतो, फोन वायफायला लागतो आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ कुणाला न विचारता चढू लागतात. दुकानाचा सीसीटीव्ही लांबून बघितला जातो, तोही अपलोडच. क्लासची वेळही नेमकी तीच. तिसरं म्हणणं, मोठा प्लॅन घ्या. त्यात तथ्य आहे: तोच बफर 20 एमबीपीएसवर दहापट लवकर रिकामा होतो. पण मोठी फाइल कितीही रुंद लाइन भरूनच काढते, आणि वाढीव प्लॅनमध्ये अपलोड किती वाढतो हे विचारल्याशिवाय पैसे मोजण्यात अर्थ नाही.

खरा उपाय रांग लांबू न देण्याचा. कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी 2012 मध्ये कोडेल नावाची रीत मांडली. ती रांगेची लांबी बघत नाही, पाकीट रांगेत किती वेळ थांबलं ते बघते आणि वेळेवर खूण देते. तिचा सुधारलेला प्रकार, एफक्यू-कोडेल, 2018 मध्ये आरएफसी 8290 म्हणून छापला गेला. राउटरमध्ये एसक्यूएम ही रांग सांभाळणारी सोय असेल किंवा ओपनडब्ल्यूआरटी हे सॉफ्टवेअर चालत असेल, तर वेगाची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास ठेवून ही रीत चालू करा. दहा टक्के वेग गेला म्हणून हळहळणारे भेटतात. मला हा सौदा स्वस्त वाटतो. तसा राउटर नसेल तर फोटोंचा बॅकअप रात्रीवर ढकलणं, एवढंही पुष्कळ आहे. मोबाइल टॉवरवरच्या नेटला मात्र हे पुरतं लागू पडत नाही. तिथे वेगच मिनिटामिनिटाला बदलतो, रांग बऱ्याचदा टॉवरपाशी असते आणि तिला आपण हात लावू शकत नाही. दूरसंचार नियामक ट्रायने 2024 च्या सेवा-गुणवत्ता नियमांत लेटन्सीलाही मर्यादा घातली आहे, पण तुमच्या घरचा अपलोड चालू असताना साचलेली रांग त्या आकड्यात दिसेलच असं नाही. म्हणून तक्रार करताना "नेट स्लो आहे" असं लिहू नका. तारीख, वेळ, केबल की वायफाय, मोकळ्या लाइनीचा पिंग, डाउनलोडखालचा आणि अपलोडखालचा, एवढं लिहा, आणि दोन्ही खिडक्यांचा स्क्रीनशॉट जोडा.