औषधाची पाठवणी आणि त्याचा माग

विद्यापीठें व प्रयोगशाळा यांच्या जाहिरातींत हल्लीं एका जागेचें नांव असें आढळतें : वैद्यकीय प्रतिमांकन आणि नॅनोद्रव्यांच्या योगें औषधवहन या विषयांतील संशोधक. शाळा सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्यास, आणि त्याच्या आईवडिलांस तर त्याहूनहि अधिक, या नांवाचें कोडें पडतें. शरीराच्या आंतलें चित्र काढणें हें एक काम, औषध पोहोंचविणें हें दुसरें. हीं दोन कामें एकाच माणसाच्या अंगावर कां टाकावीं?

आपण औषध घेतों तेव्हां तें दुखऱ्या जागीं नेमकें जाऊन बसतें, अशी पुष्कळांची समजूत असते. तसें होत नाहीं. रक्ताबरोबर तें सर्व शरीरभर हिंडतें. डोकेदुखीच्या गोळीच्या बाबतींत यानें फारसें बिघडत नाहीं. पण कर्करोगावरील कित्येक औषधें जहाल असतात. भराभर वाढणाऱ्या पेशींस मारणें हा त्यांचा धर्म, आणि अशा पेशी केसांच्या मुळांशीं व आंतड्यांच्या अस्तरांत, म्हणजे निरोगी जागींहि, असतातच. रोग्याचे केस गळतात ते यामुळें. डॉक्सोरुबिसिन नांवाचें असें एक औषध हृदयासहि इजा करतें, म्हणून त्याच्या एकूण मात्रेस मर्यादा घालावी लागते.

मग औषध एखाद्या पिशवींत घालून पाठवितां आलें तर ? मेदाच्या अतिसूक्ष्म फुग्यांत, ज्यांस लायपोसोम म्हणतात, डॉक्सोरुबिसिन भरून तयार केलेल्या औषधास अमेरिकेंत १९९५ सालीं मान्यता मिळाली. असा फुगा सुमारें १०० नॅनोमीटर व्यासाचा असतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपली तांबडी रक्तपेशी सुमारें ७,००० नॅनोमीटर रुंद असते; असे सत्तर फुगे एका ओळींत मांडावे तेव्हां तिची रुंदी भरेल. हें माप उगीच निवडलेलें नाहीं. निरोगी रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट विणलेल्या असतात. गांठींतल्या रक्तवाहिन्या घाईनें वाढलेल्या, म्हणून पुष्कळदां गळक्या. जपानांतील मात्सुमुरा व माएदा यांनीं १९८६ सालीं दाखविलें कीं, मोठ्या आकाराचे रेणू अशा गांठींत झिरपतात आणि तेथेंच अडकून राहतात. फुग्याची गोष्ट अशीच. निरोगी भिंतींतून तो सहसा जात नाहीं, गळक्या भिंतींतून जातो. हृदयाची इजा त्यामुळें कमी झाली.

येथपर्यंत ऐकून वर्गांत मुलांस वाटतें, प्रश्न सुटला. पण टोरांटो येथील संशोधकांनीं मागील दहा वर्षांतील प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून २०१६ सालीं हिशेब मांडला. टोचलेल्या नॅनोकणांपैकीं गांठीपर्यंत पोहोंचणाऱ्यांचें मधलें प्रमाण शेंकडा ०.७ एवढेंच निघालें. म्हणजे हजार पत्रें पेटींत टाकावीं आणि सात घरीं पोहोंचावीं. ज्या टपालखात्याचा असा कारभार असेल त्यास आपण काय म्हणूं, तें लिहावयास नको ! उरलेले कण बरेचसे यकृत व प्लीहा गाळून घेतात. रक्तांतून परकी वस्तु वेचून काढणें हें त्यांचें कामच आहे.

आतां चित्र काढणाराची गरज लक्षांत येईल. कण कोठें गेले, किती वेळ राहिले, गांठीच्या मध्यापर्यंत शिरले कीं कडेलाच थबकले, हें शरीर न कापतां पाहतां आलें पाहिजे. राँटगेन यांनीं १८९५ सालीं क्ष-किरण शोधून काढले. हाऊन्सफील्ड यांच्या यंत्रानें १९७१ सालीं लंडन येथें पहिल्या रोग्याच्या मेंदूचा सी. टी. स्कॅन झाला, पुढें एम. आर. आय. आलें. पण इतका बारीक कण या यंत्रांच्या नजरेस पडावा कसा ? येथें द्रव्याची निवड कामास येते. सोन्याचा अणुक्रमांक ७९, हाडांतील कॅल्शियमचा २०. म्हणून सोनें क्ष-किरण अधिक अडवितें व चित्रांत उठून दिसतें. लोहाच्या ऑक्साइडचे कण एम. आर. आय.च्या चित्रांत भोंवतालची जागा काळी करतात. ज्या कणावर औषध लादावयाचें त्यानेंच आपला ठावठिकाणा सांगावा, अशी ही योजना आहे, आणि जाहिरातींत दोन कामें एकत्र येतात तीं यासाठीं.

आपल्या पुण्यांतहि या दिशेनें पुष्कळ काम झालें आहे. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचें उद्घाटन पंडित नेहरू यांनीं ३ जानेवारी १९५० रोजीं केलें. तेथें मुरली शास्त्री व त्यांचे सहकारी यांनीं सोन्याच्या क्षाराच्या द्रावणांत गवती चहाच्या पानांचा अर्क मिसळला. तोच गवती चहा, जो पावसाळ्यांत आपल्या घरोघरीं आल्याबरोबर उकळतो. त्यांतून सोन्याचे चपटे, त्रिकोणी नॅनोकण तयार झाले, व ही हकीकत २००४ सालीं ‘नेचर मटेरियल्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. असे त्रिकोण तांबड्या रंगापलीकडचा अवरक्त प्रकाश शोषतात. तो प्रकाश मांसांत बराच खोल शिरतो, म्हणून गांठ तापवून मारण्याच्या कामीं त्यांचा उपयोग होईल अशी अपेक्षा आहे. मात्र त्यांचें औषध झालें असें कोणी समजूं नये. कुपींतली गोष्ट रोग्यास देण्याजोगी होण्यास पुष्कळ वर्षें लागतात, आणि पुष्कळ गोष्टी तशा कधींच होत नाहींत. आघारकर संशोधन संस्थेंत किशोर पाकणीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं भाजलेल्या जखमांसाठीं रुप्याच्या नॅनोकणांचें मलम सिद्ध केलें. पुण्याच्याच जेनोव्हा कंपनीच्या लसीस, एम-आर.एन.ए. जातीच्या पहिल्या भारतीय लसीस, जून २०२२ मध्यें तातडीच्या वापराची परवानगी मिळाली. तिच्यांतील नाजूक रेणूस मेदाच्या सूक्ष्म कणांचाच आधार असतो.

अशा जागेवरील माणसाचा दिवस कसा जातो ? कण तयार करणें, त्यांचें माप घेणें, काचेच्या बशींतल्या पेशींवर ते घालून पाहणें, उंदरांवरील प्रयोगासाठीं नीतिसमितीची परवानगी मागणें, चित्रांतलें काळें-पांढरें संगणकाच्या साहाय्यानें आंकड्यांत उतरविणें. काल केलेले कण आज गुठळ्या होऊन तळाशीं बसलेले आढळतात, पुन्हां आरंभ. ज्यास चटकन फळ हवें त्यानें या वाटेस जाऊं नये, असें मी वर्गांत स्पष्ट सांगतों.

पालकांनीं पैशाचा प्रश्न विचारण्यांत कांहीं कमीपणा नाहीं. एम. एस्सी. नंतर नेट परीक्षेंतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ति मिळाल्यास, १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दरानें पहिलीं दोन वर्षें दरमहा ३७,००० रुपये व पुढें ज्येष्ठ शिष्यवृत्तीचे ४२,००० रुपये मिळतात. एकूण मुदत पांच वर्षें. प्रकल्पावरील नेमणूक मात्र अनुदानाबरोबर संपते. डॉक्टरकीस प्रवेश मिळाला नाहीं, तर संशोधनाकडे पाठवूं, असा विचार करणाऱ्यांनीं तो सोडून द्यावा; हें काम कोणाचें उरलेलें काम नव्हे.

आणखी एक गोष्ट. जीवशास्त्र घेतलें म्हणून गणित सोडण्याची रीत आपल्याकडे पडली आहे. सी. टी. स्कॅनच्या मुळाशीं असलेलें गणित योहान राडोन यांनीं १९१७ सालीं मांडलें, यंत्र चालूं होण्यापूर्वीं चौपन्न वर्षें. तें ज्यास कळत नाहीं त्यास चित्र दिसतें, पण चित्रांतला दोष दिसत नाहीं. अकरावीचा अर्ज भरतांना मुलास किंवा मुलीस दोन्ही विषय ठेवतां येतात.